नंदीच्या गळ्यातली चावी

१

खुशालराव गेले ते गाडीत बसल्या बसल्या. गाडी सुरू होण्याची वाट पाहता पाहता माणूस संपला. मरण कोणाला चुकलंय म्हणा! पण या मरणाचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटलं, तो त्या सकाळी पार तिकडं अकोल्यात आपल्या गॅरेजचं शटर उघडत होता.

रहमतुल्ला मिस्त्री त्याचं नाव. खुशालरावांच्या जुन्या जर्मन गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागत नसे. गाडी लांबलचक, काळी, आत चामड्याच्या गाद्या. वय झालं होतं, पण अकोल्यातल्या त्यांच्या दालमिलवर ती शिरली की हमाल अजूनही बाजूला होऊन वाट देत. गेल्या साली पोळ्याच्या थोडं आधी रहमतुल्लानं तिचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, काढून दुरुस्त करून बसवला. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, खुशालरावांच्या छातीत कळ आली. घर अमरावतीबाहेर, परतवाडा रोडवर, संत्र्याच्या बागेत. ड्रायव्हर गावाला गेलेला. पुतण्या विपुलचा पिकअप माल घेऊन अंजनगावला. मग विपुलनं काकांना या गाडीत बसवलं आणि चावी फिरवली. समोरचे दिवे लागले, सेल्फ मुका. पुन्हा फिरवली, पुन्हा मुका. अँब्युलन्स आली तेव्हा तिचं काही काम उरलं नव्हतं.

"सेल्फ गेला काकू," विपुल छाती बडवत म्हणाला. "त्या मिस्त्र्यानं घात केला."

बस्स. खुशालरावांच्या बायकोनं, गोदाबाईनं, हे जे धरलं ते धरलंच. तेरवीच्या भरल्या पंगतीत ती कडाडली, "त्या रहमतुल्लाच्या हाताले किडे पडो! माह्या मालकाचा जीव घेतला त्यानं!" असलं बोलणं कुठं एका जागी राहतं? ते अकोल्याला पोचलं. गिऱ्हाईक तुटलं. रहमतुल्लानं शटर ओढलं आणि घरात खाट धरली. तो कोणाशी भांडला नाही. नुसता आपला उजवा हात उलटसुलट करून पाहत बसायचा.

पोरगी जेबा मात्र बापावर गेली नव्हती. इंजिनीअर झालेली, अकोल्यात गाड्यांचे कॉम्प्युटर तपासायचं स्वतःचं वर्कशॉप चालवणारी, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. बाप हात पाहत बसला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर्षश्राद्ध उरकलं की गोदाबाई ती गाडी अचलपूरच्या भंगारवाल्याला देणार, असं कानावर आलं आणि ती उठली. गाडी भंगारात गेली की बापाचं नावही भंगारात गेलं म्हणायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळीच ती बागेच्या फाटकातून आत आली.

"कोन गं तू?" ओसरीवरून आवाज आला.

"रहमतुल्ला मिस्त्रीची पोरगी."

गोदाबाई उभी राहिली. पांढरं पातळ, मोकळं कपाळ, आणि डोळे असे की समोरच्यानं पायरी चढायची हिंमत करू नये. "तुहा बाप काहून नाही आला? तोंड दाखवाले लाजते काय?"

"तो आला नाही म्हणूनच मी आली. गाडी विकायच्या पहिले मले एकदा तपासू द्या. सेल्फमधी खोट निघाली, त अब्बाले मी स्वतः आणीन. वर्षश्राद्धाच्या पंगतीत तुमच्या पायावर डोकं ठेवतीन ते."

"आन नाही निघाली त?"

"त तुमी माफी मांगसान. ज्या हाताले किडे पडो म्हटलं, त्या हाताची."

विपुल आतून लगबगीनं बाहेर आला. तिशीचा, गोरागोमटा, तोंडात बडीशेप चघळत. "काकू, कायले इच्या नादी लागता? वर्ष झालं आता. गेलेलं मानूस थोडंच परत येते!"

गोदाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मंजूर. पन आयक पोरी. खोट तुह्या बापाची निघाली, त मी त्याले अकोल्यात राहू देनार नाही."

"आन दुसऱ्या कोनाची निघाली त?"

"त त्याले मी सुखानं जगू देनार नाही," गोदाबाई म्हणाली आणि शेडकडं चालू लागली.

२

गाडीवरची ताडपत्री ओढली तशी धुळीनं चंद्रभान शिंकला. चंद्रभान म्हणजे खुशालरावांचा जुना ड्रायव्हर. नेमका त्याच दिवशी गावाला होता म्हणून गोदाबाईनं त्यालाही हाकलून दिलं होतं. आता तो अमरावतीत ऑटो चालवायचा. जेबाला, तिच्या नव्या बॅटरीला आणि अवजारांच्या पेटीला त्यानंच आणलं होतं. मालकिणीची नजर चुकवत तो कोपऱ्यात तंबाखूला चुना लावत उभा राहिला.

जेबानं बॅटरी बसवली. "चावी?"

गोदाबाईनं देवघरातून पितळेचा डबा आणला, कमरेच्या किल्लीनं उघडला. आत गाडीची चावी होती आणि चावीला बांधलेला एक सुती दोरा. "त्या सकाळी विपुलच्या हातातून घेतली, ते या डब्यात ठेवली. तवापासून कोनाचा हात लागला नाही."

जेबानं दोरा सोडून डब्यात ठेवला आणि गाडीत बसून चावी फिरवली. समोर दिवे लागले. पुढं काही नाही. सेल्फ मुका.

"पाह्यलं काकू?" विपुल जवळजवळ ओरडलाच. "जसंच्या तसं! त्या दिवशीही असंच झालं व्हतं."

जेबानं चावी पुन्हा फिरवली, पुन्हा मुका. खरं सांगायचं तर रात्रभर तिला हीच एक भीती होती. अब्बाचाच हात चुकला असेल तर? वर्षभर ज्या बाईला मनातल्या मनात शिव्या दिल्या, ती बाईच खरी निघाली तर? पण भिऊन भागणार नव्हतं. तिनं बॉनेट उघडलं, एक जाड तार घेतली आणि बॅटरीतून थेट सेल्फला लावली. ठिणगी उडाली, हात झटकन मागं आला आणि मनगट पत्र्यावर असं आदळलं की डोळ्यात पाणी आलं. पण त्याच क्षणी गाडीच्या पोटातून आवाज निघाला, घर्रर्र! सगळं शेड हललं.

चंद्रभानच्या हातातला तंबाखू सांडला. "अरे बाप्पा! सेल्फ त जित्ता हाये!"

"एकदम ठणठणीत," जेबा म्हणाली, आणि तिला रडावं की ओरडावं ते कळेना. "हा माझ्या अब्बाचा सेल्फ. एक साल पडून होता, तरी पहिल्या हाकेले उठला."

"मंग चावीनं काहून उठत नाही?" गोदाबाईचा आवाज बदलला होता.

जेबानं आपलं स्कॅनर जोडलं, पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. मग चावी हातात घेतली. "काकू, या जातीच्या गाडीच्या चावीत, डोक्याच्या काळ्या प्लास्टिकमधी, एक तांदळाएवढी चिप असते. चावी फिरवली का गाडी पहिले ते चिप ओळखते. ओळख पटली तरच सेल्फले करंट सोडते. नाही पटली, त दिवे लागतीन, रेडिओ वाजन, पन सेल्फ हलनार नाही. आता गाडी म्हणून राहिली, हे चावी माझी नाही."

तिनं पेटीतलं पातं काढलं आणि चावीचं डोकं मधोमध चिरलं. आत नुसतं भरीव प्लास्टिक. चिप नव्हती की चिपेची जागा नव्हती.

"ही बाजारात कापून आणलेली खोटी चावी हाये," जेबा म्हणाली. "खरी कोनीतरी काढून घेतली आन ही ठेवली. गाडी बिघडलीच नव्हती काकू. गाडी बांधून ठेवली व्हती."

गोदाबाई शेडच्या खांबाला धरून खाली बसली.

३

पण बसून राहणाऱ्यातली ती नव्हती. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कोन? मले नाव पाहिजे."

"पहिले मले हे सांगा, चावी बदलली कवा," जेबा म्हणाली. "काकांनी गाडी शेवटची चालवली कवा?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. कालव्यावर धुवून आनली, बैल धुवून आनते तशी. आपल्याच हातानं."

"म्हणजे तवा चावी खरी व्हती. मंग?"

मग चंद्रभानच बोलू लागला. खुशालरावांनी बैल कधीच विकले होते, पण पोळा काही सोडला नव्हता. आता माझा बैल हाच, म्हणून ते गाडीचाच पोळा करायचे. गावातले लोक तोंडावर पदर घेऊन हसायचे, पण हे गडी हटायचे नाहीत. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी करतात. म्हणजे वर्षभर जू ओढलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळून शेकायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. खुशालराव नुसती हळद पाण्यात कालवून गाडीच्या बॉनेटला चोळायचे. मग चावी काढून, हळदीत भिजवलेल्या दोऱ्यात ओवून, माजघरातल्या लाकडी नंदीच्या गळ्यात बांधायचे. पोळ्याला बैलाला जुंपत नाहीत, तशी पोळ्याला गाडी सुरू करायची नाही. चावी गळ्यातून निघायची ती करीच्याच सकाळी.

"त्या दिवशी नंदीच्या गळ्यातून कोनी काढली?"

"मीच काढली," गोदाबाई म्हणाली. "यायनं छातीले हात लावला तशी धावत गेली, चावी ओढली आन विपुलच्या हातात देली."

जेबानं मान हलवली. "म्हणजे खरी चावी गळ्यात बांधल्यापासून तुमी काढेपर्यंत, तेवढ्यातच कोनीतरी हे काम केलं. माजघरात बाहेरचं कोन येते?"

"माजघरात? कोनी नाही. घरातलेच आमी. मी, माही पोरगी प्राजक्ता, विपुल. चंद्रभान त खांदशेकणीच्या दुपारीच गेलता."

"हिवरखेडले, भावाकडं," चंद्रभान घाईनं म्हणाला. "पोळ्यात भावाची जोडी माह्याच हातात व्हती. सारं हिवरखेड सांगन."

जेबानं डब्यातला दोरा उचलला. पिवळा फिकट झाला होता, पण एका जागी, चावीच्या गाठीपाशी, लालभडक डाग होता. "हे काय? काकू, गाडीले कुंकूही लावत व्हते काय?"

"नाही! नुसती हळद." गोदाबाईनं दोऱ्याकडं बोट केलं. "मी चावी काढली तवाच दिसलं मले. खांदशेकणीले पिवळा बांधला, आन करीच्या सकाळी गाठीवर लाल! माहं कपाळ पुसलं गेलं त्याच सकाळी. माहं कुंकू जाऊन त्या दोऱ्यावर बसलं, असंच वाटलं मले. म्हणून जपून ठेवला. रोज पाहतो मी त्याले."

जेबा जिचा सूड घ्यायला आली ती बाईच अशी काही बोलून जाते, मग राग ठेवायचा कुठं? तिनं दोरा परत डब्यात ठेवला. पण ठेवता ठेवता एक गोष्ट तिच्या डोक्यात अडकून बसली. कुंकू दोऱ्यावर सांडलं असतं, तर ते कुठंही सांडलं असतं. हा लाल रंग फक्त गाठीवर होता, जिथं चावी सोडायला आणि पुन्हा बांधायला चिमूट लागते नेमकी तिथं.

४

खुशालरावांची एकुलती एक पोरगी प्राजक्ता स्वैपाकघरात पुरण वाटत होती. जेबानं आडपडदा ठेवला नाही. "त्या करीच्या दिवशी काका गाडी घेऊन कुठं जानार व्हते?"

प्राजक्ताचे हात थांबले. "अकोल्याले, मिल माझ्या नावानं करायले. करीच्या दिवशी रजिस्ट्री होती. मले नको होती ती मिल. मले पुण्यात नोकरी लागली होती. आदल्या दिवशी भांडली मी बाबांशी. म्हटलं, तुमी गेले त मी बोलनार नाही तुमच्याशी." तिनं वरवंटा बाजूला ठेवला. "नाहीच बोलली. शेवटपर्यंत."

"तुमाले त्यायनं जाऊ नये असंच वाटत होतं."

"हो. पण चावी मी नाही बदलली. तुमचा विश्वास नाही बसनार, माझाही बसला नसता."

विपुल अंगणात भेटला. तो तर वाटच पाहत होता. "तुमी विचारलं म्हणून सांगतो, माहं नाव घेऊ नका," त्यानं आवाज खाली केला. "काकाशी तिचं जोरात भांडन झालं व्हतं. मिल नकोच व्हती तिले. बाकी त तो चंद्रभानही काही कमी नाही. गाडीले ओरखडा पाडला म्हणून काकानं त्याले गावासमोर झापलं व्हतं."

"आन तुमी?"

"मी? मले लहानाचं मोठं केलं काकानं. बापापेक्षा जास्त." त्यानं डोळे पुसले. "माहं काही वाईट असन त एवढंच, का खर्रा खायचो. तोही काकानं सोडवला. नंदीवर हात ठेवून शपथ घेतली मी. तीन पोळे झाले, शिवलो नाही. बडीशेप खातो आता."

वाईट वाटावं असं बोलला गडी. जेबा शेडमागं वळली तर तिथं भिंतीच्या कडेला चार-पाच चुरगाळलेल्या पन्न्या पडल्या होत्या. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, घोटायच्या प्लास्टिकच्या पन्न्या, घोटून घोटून पातळ झालेल्या.

"त्या चंद्रभानच्या असतीन," मागून विपुलचा आवाज आला. "तोच खाते चुना-तंबाखू."

जेबानं एक पन्नी उचलून पाहिली. पण चंद्रभान तंबाखू हातावरच मळायचा, त्याला या घरातून जाऊन वर्ष झालं होतं, मधे अख्खा पावसाळा पडून गेला होता, आणि पन्न्यांना साधी माती लागलेली नव्हती.

तोवर तिचं मनगट चांगलंच सुजलं होतं. प्राजक्तानं ते पाहिलं आणि तिला ओसरीवर बसवलं. "मुका मार आहे. हळद-चुन्याचा लेप लावते. आमच्यात चुना कोणी खात नाही, चंद्रभानकाका, तुमची डबी द्या."

चंद्रभाननं चुन्याची डबी पुढं केली. वाटीत पिवळी हळद होती. प्राजक्तानं बोटभर चुना टाकला, दोन थेंब पाणी टाकलं आणि कालवलं. जेबानं लहानपणापासून हा लेप कितीदा लावून घेतला असेल! जॅक सटकून अब्बाचा हात मुरगळला की अम्मी हाच लेप लावायची. त्यात नवीन काय होतं? पण आज वाटीकडं पाहता पाहता ती ताडकन उभी राहिली.

वाटीतली हळद लाल झाली होती. गोदाबाईच्या दोऱ्यावरच्या गाठीसारखी.

५

"आज खांदशेकणी करा," जेबा गोदाबाईला म्हणाली. "काका करायचे तशीच. हळद तुमी स्वतः कालवा. आन घरातल्या साऱ्याचे हात लागू द्या."

"नाव सांग म्हटलं त सण करायले सांगून राहिली!"

"नाव मी सांगितलं त तुमी म्हणसान, मिस्त्र्याच्या पोरीनं बापासाठी रचलं. तुमच्या डोळ्यानं पाहा."

गोदाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं आणि हळदीचा डबा काढला.

ऊन कलल्यावर सगळे शेडमध्ये जमले. गाडी पुसून लख्ख केली होती. परातीत हळद, पाण्यात सैल कालवलेली. गोदाबाईनं पहिली ओंजळ घेतली आणि बॉनेटला चोळली. पिवळाधमक पट्टा उमटला. "आज आवतन घ्या," ती पुटपुटली, पुढचं तिला म्हणवलं नाही. मग प्राजक्तानं हात लावला. तोही पिवळा.

"चंद्रभान, ये. तुहाही हक्क हाये," गोदाबाई म्हणाली.

चंद्रभान भीतभीत पुढं आला. त्यानं हळद घेतली, चोळली, आणि त्याच्या बोटांखाली पिवळा रंग लाल झाला.

तोच लाल! गोदाबाईनं त्याची गचांडीच धरली. "तू? तू व्हय रे मेल्या?"

"काकू, सोडा त्याले," जेबा मधे आली. "हे हळद आन चुना हाये. तुमचं कुंकू नव्हतं ते. कुंकू बनतेच हळदीले चुना लागून. ज्यानं त्या दिवशी दोऱ्याची गाठ सोडली, त्याच्या बोटाले चुना व्हता. गाठ तेवढी लाल झाली. चंद्रभानकाकाच्या बोटाले चुना हाये, पन ते तवा हिवरखेडले बैल धरून उभे व्हते. प्राजक्ताताई घरात व्हती, पन तिच्या बोटाले चुना नाही. जो घरात व्हता आन ज्याच्या बोटाले चुना व्हता, असा एकच पाहिजे."

विपुल हळूच पँटीला हात पुसू लागला होता.

"ये बाबू," गोदाबाई म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, आणि तसा तो कोणी कधी ऐकला नव्हता. "काकाच्या बैलाले हळद लाव."

"मले... मले हळदीनं खाजते काकू."

"दोस्ताच्या लग्नात त अंगभर लावली व्हती रे. लाव."

"काकू, हे पोट्टी तुमाले..."

"लाव म्हटलं ना!"

तो पुढं आला. परातीत दोन बोटं बुडवली, बॉनेटवर टेकवली आणि काढून घेऊ लागला. गोदाबाईनं त्याचं मनगट धरलं आणि त्याच्या हातानं ती हळद चोळली, जोरजोरानं, नखांच्या आतलं बाहेर निघेपर्यंत. काळ्या बॉनेटवर दोन लाल रेघा उमटल्या.

"खर्रा सोडला व्हता ना रे?" ती म्हणाली. "नंदीवर हात ठेवून?"

६

विपुल मटकन खाली बसला आणि बोलू लागला. बोलणं काय, नुसती घाण बाहेर पडत होती. मिल त्यानं सांभाळली होती आणि काका ती पोरीला देऊन राहिले होते. त्याला फक्त रजिस्ट्रीचा तो दिवस टाळायचा होता. त्या दुपारी मामाकडची मोठी माणसं येऊन काकाची समजूत काढणार होती. म्हणून चावीचं सोंग आणून ठेवलं. पोळ्याच्या दुपारी सगळे गावच्या तोरणाखाली, बैल उभे करतात तिथं, गेले असताना, खर्रा घोटता घोटताच उठून, माजघरात गेला आणि गाठ सोडली. गाडी सुरू झाली नसती, काका चिडले असते, एवढंच होणार होतं.

"मारायचं नव्हतं काकू. तुमच्या पायाची शपथ. मले काय मालूम, त्यायले त्याच सकाळी..."

गोदाबाई दगडासारखी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एकदा असं काही येऊन गेलं की जेबाला वाटलं, बाई आता विरघळते. लहानाचं मोठं केलेलं पोर, अजाणता झालं म्हणून पोटात घालील. आणि अब्बाचं काय? त्यांचं वर्ष कोण पोटात घालणार? नाही. जेबाला एक विचारायचं होतं, आणि ते तिनं विचारलं.

"काका गाडीत छाती धरून बसले व्हते, तुमी खोटी चावी फिरवून राहिले व्हते. तवा खरी कुठी व्हती?"

विपुलनं मान वर केली नाही. पण त्याचा हात, त्याच्या नकळत, शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

प्राजक्ता किंचाळली.

"खिशात?" गोदाबाई म्हणाली. "खिशात व्हती तुह्या? ते तुह्याकडं पाहत व्हते. मी तुह्या पाया पडत व्हती, काही कर म्हणून. आन तुह्या खिशात व्हती?"

"काढली असती त साऱ्यायले समजलं असतं..." तो हुंदके देत म्हणाला. "वाटलं, अँब्युलन्स येईनच. येईनच म्हणून फिरवत राहिलो. मंग विहिरीत टाकून देली."

गोदाबाईनं त्याला मारलं नाही. तिनं डबा उघडला. चिरलेल्या डोक्याची ती खोटी चावी घेतली, तो लाल गाठीचा दोरा घेतला, चावी त्यात ओवली आणि नंदीच्या गळ्यात बांधतात तशी विपुलच्या गळ्यात बांधली. तो हलला नाही. गाठ तिनं चांगली आवळली.

"उद्या पोळा फुटाच्या, बैल सुटाच्या पहिले सारं गाव तोरनाखाली राहीन," ती म्हणाली. "तथी हे गळ्यात घालून उभा राह्यजो आन आता जे सांगितलं ते आपल्या तोंडानं सांगजो. नाही सांगितलं त मी सांगीन. तथून पोलिसात मी नेईन तुले, हात धरून. लहानपणी शाळेत नेत व्हती तशी."

"आन अकोला?" जेबा म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि का उतरावा? "माझा करार राहिला काकू."

"लाव फोन."

फोन जेबाच्या अम्मीनं, कुलसुमबीनं, उचलला आणि खाटेवर नवऱ्याच्या कानाला धरला. पलीकडून नुसता श्वास येत होता. जेबा बॉनेटशी वाकली. "अब्बा, कुछ मत बोलो. सिर्फ सुनो." तिनं तार लावली. घर्रर्र! इंजिन फिरलं, शेड दणाणलं, आणि तिनं तार काढली.

मग फोनवर वर्षभरात न ऐकलेला अब्बाचा आवाज आला, गंजलेला. "फिर से."

तिनं पुन्हा लावली. गोदाबाईनं फोन हातात घेतला. "मिस्त्री, मी गोदा. तुमच्या हाताले मी जे बोलली ना, ते माह्या जिभेले लागो. माहा मालक ज्यानं मारला, तो माह्या घरातच जेवत व्हता, आन मी तुमाले शिव्या देत व्हती. उद्या पोळा हाये. आज आवतन घ्या मिस्त्री, उद्या जेवायले या. तोरनाखाली माह्या बाजूले उभे राहा. ज्यायच्यासमोर मी बोलली, त्यायच्यासमोरच हात जोडीन."

"आऊँगा, बाई," रहमतुल्ला म्हणाला. "गाड़ी भंगार में मत देना. चाबी मँगवा देता मैं."

जेबानं फोन घेतला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग अवजारं आवरायला वाकली. विपुल तसाच बसून होता, गळ्यात चावी घेऊन, कानावर हात ठेवून. सेल्फचा आवाज त्याला सहन झाला नव्हता, हे गोदाबाईनं पाहिलं होतं.

"तार आवरू नको पोरी," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर पाट घेऊन बसली. "त्याचे हात कानावरून काढ रे चंद्रभान. आन पोरी, तू लाव परत. बॅटरी संपतवरी लाव."